आताके, सुस्तो आणि निदानाचा रकाना

पुण्यात मानसोपचारात एमडी झालेलं असलं, तरी अमेरिकेत काम करायचं तर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, बहुधा पहिल्यापासून करावं लागतं. माझी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाली. इथली निम्म्याहून जास्त वस्ती हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाची आहे. पोर्तो रिकोहून दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेली कुटुंबं, त्यांच्यामागून आलेले डोमिनिकन, आणि अलीकडे मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातून, होंडुरासमधून, इक्वाडोरमधून आलेले लोक. माझा रंग आणि केस पाहून पेशंट थेट स्पॅनिशमध्ये सुरू होत. मूळची मिरजेची मी इथे डोमिनिकन ठरले होते. याची गंमत वाटायची, पण त्यात एक अडचण होती. डॉक्टर ‘आपल्यातली’ वाटली की माणसं पुष्कळ गोष्टी सांगतच नाहीत; तिला त्या ठाऊक असणारच, असं धरून चालतात.

मला त्या ठाऊक करून घ्याव्या लागल्या. त्याचीच ही हकिगत. पेशंटची ओळख पटू नये म्हणून वयं, गावं, नाती बदलली आहेत आणि काही ठिकाणी दोघांचे तपशील एकत्र केले आहेत.

न्यूयॉर्क राज्यात अनेक मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची स्वतंत्र इमर्जन्सी असते. तिथे पेशंटला कायद्याने ७२ तासांपर्यंत निरीक्षणाखाली ठेवता येतं. अॅम्ब्युलन्सवाले किंवा पोलीस माणूस घेऊन येतात, सोबत एक कागद असतो आणि त्या कागदावरच्या चार शब्दांवर पुढचं बरंच काही ठरतं. एका संध्याकाळी साठीच्या एक बाई आल्या. कागदावर लिहिलं होतं: किंचाळत होत्या, हातपाय झाडत होत्या, जमिनीवर पडल्या, विचारलेल्याला उत्तर नाही, आवरायला तीन माणसं लागली.

बाई तोवर पूर्ण शांत झाल्या होत्या. स्ट्रेचरवर बसून त्यांनी पाणी मागितलं, मला ‘मी आमोर’, म्हणजे ‘माझ्या लाडके’, म्हणाल्या आणि केस विस्कटलेत, कंगवा मिळेल का, असं विचारलं. घडलेलं त्यांना अर्धवटच आठवत होतं. छातीतून काहीतरी गरम वर चढलं, डोक्यात गेलं, मग काही कळलं नाही, एवढंच. अंगाला मेंथॉलचा झणझणीत वास येत होता. आमच्या युनिटच्या मुख्य डॉक्टर स्वतः पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनच्या. आम्ही दोघी-तिघी भारतीय रेसिडेंट आपसांत त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी तो वास दारातूनच ओळखला: आल्कोलादो. कोणाला भोवळ आली, कोणी दुःखाने कोसळलं की पोर्तो रिकन घरांत हे मेंथॉल घातलेलं स्पिरिट कपाळाला नि मानेला चोळतात.

“म्हणजे घरचे जवळ होते आणि काय करायचं ते त्यांना माहीत होतं,” मॅडम म्हणाल्या. “मग अॅम्ब्युलन्स कोणी बोलावली?”

बोलावली होती फ्युनरल होमच्या मॅनेजरने. बाईंच्या धाकट्या भावाचा मृतदेह अंत्यदर्शनासाठी ठेवला होता. शवपेटीचं झाकण लावायची वेळ आली आणि बाई ओरडून खाली पडल्या. बहिणींनी त्यांना धरलं, चोळलं, कोणी रोझरी, म्हणजे माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना, म्हणायला लागलं. मॅनेजर गोरा, या वस्तीत नवा. त्याने ९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवला.

याला तिकडे ‘आताके दे नेर्व्हिओस’ म्हणतात. पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, क्यूबा या कॅरिबियन बेटांवर हा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे. मोठा धक्का बसला, विशेषतः घरातल्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, मुलाला अटक, जिवाभावाच्या माणसाशी कडाक्याचं भांडण, की माणूस ओरडतो, रडतो, थरथरतो. छातीतली उष्णता डोक्याकडे चढते. काही जण हातपाय झाडतात, काहींची शुद्ध हरपते, काही जण स्वतःला इजा करू पाहतात. थोड्या वेळाने सगळं ओसरतं आणि माणूस पुन्हा पूर्ववत होतो.

याच्या निदानाचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १९५०च्या दशकात पोर्तो रिकन सैनिकांमध्ये असे झटके पाहून अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्याला ‘पोर्तो रिकन सिंड्रोम’ म्हणायला सुरुवात केली. बेटावरच्या लोकांना १९१७मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, कोरियाच्या युद्धात त्यांची अख्खी रेजिमेंट लढली, आणि वैद्यकात त्यांच्या नावाने नोंदला गेला तो एक रोग. आपल्या देशाचं नाव अशा फाइलवर पाहून कोणाला काय वाटेल, याचा विचार त्या डॉक्टरांनी केला असेल असं मला वाटत नाही.

पुढे मोजमाप झालं ते एका आपत्तीमुळे. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये पोर्तो रिकोत पूर आले, पोन्से शहराजवळची मामेयेस ही वस्ती दरडीखाली गेली. त्या आपत्तीचे मानसिक परिणाम तपासणाऱ्या अभ्यासात १९८७मध्ये आताकेबद्दलचा एक प्रश्न घातला गेला. ९१२ जणांपैकी १४५ जणांनी, म्हणजे १६ टक्क्यांनी, आपल्याला आताके आला होता असं सांगितलं. त्यांत बायका जास्त, वयस्क जास्त, कमी शिकलेले जास्त आणि घटस्फोटित किंवा विधवा जास्त. चिंताविकार आणि नैराश्य यांचं प्रमाणही या गटात अधिक निघालं. एवढ्या लोकांना येणारी गोष्ट सगळीच रोग कशी म्हणायची? आणि ज्यांना येते त्यांच्यात नैराश्य जास्त सापडत असेल, तर ‘त्यांच्यात असतंच हो’ म्हणून सोडून तरी कशी द्यायची? माझं ब्राँक्समधलं बरंचसं शिक्षण या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत झालं.

इमर्जन्सीतला क्रम ठरलेला होता आणि मॅडम त्यात कोणाचं ऐकत नसत. आधी शरीर. साठीची बाई ‘छातीत गरम चढलं’ म्हणते आहे, तर ईसीजी आणि ट्रोपोनिन ही हृदयविकारासाठीची रक्ततपासणी झाल्याशिवाय संस्कृतीवर एक शब्द बोलायचा नाही. रक्तातली साखर, डोक्याला मार लागला का, लघवीत अमली पदार्थ आहेत का. झटके वारंवार येत असतील तर न्यूरॉलॉजीकडे, व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चित्रित नोंदीसाठी. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, झटका साधारण एक-दोन मिनिटांत संपतो आणि नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला, झोपाळलेला असतो. आताकेनंतर कंगवा मागणारी बाई वेगळी दिसते. पण दिसण्यावर सोडायचं नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.

मग पॅनिक अॅटॅकचा प्रश्न. नव्या रेसिडेंटचा हात त्याच रकान्याकडे जातो, कारण धडधड, थरथर, घुसमट ही लक्षणं दोन्हीकडे आहेत. पण पॅनिक बहुतेक वेळा काही कारण नसताना, अचानक येतो आणि त्याच्या गाभ्याशी भीती असते: आता मी मरणार, आता मला वेड लागणार. आताकेच्या आधी बहुधा काहीतरी घडलेलं असतं, आणि त्यात भीतीपेक्षा राग नि शोक जास्त असतो. आणि तो लोकांसमोर येतो. पॅनिकवाला माणूस गर्दीतून पळू पाहतो. आताकेत पडणाऱ्या बाईला उचलून धरणारे हात बहुतेक वेळा तिथेच असतात.

सगळ्या तपासण्या झाल्या की मॅडमचे तीन प्रश्न. काय घडल्यावर आला? समोर कोण कोण होतं? आणि जे समोर होते, त्यांना तो त्या प्रसंगाला धरून वाटला का?

तिसरा प्रश्न मला लगेच पटला, कारण पुण्याच्या ओपीडीत मी तो वेगळ्या तऱ्हेने विचारलेला होता. नवरात्रात देवीसमोर घुमणारी बाई आणि आडदिवशी भर दुपारी स्वयंपाकघरात एकटीच घुमायला लागलेली बाई, यांतला फरक सांगायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, तिची सासूही सांगते. पहिलीला कोणी दवाखान्यात आणत नाही. दुसरीला आणतात, तेव्हा घरच्यांनी अर्धं निदान आधीच केलेलं असतं.

त्या संध्याकाळच्या बाईंच्या बहिणींना मी दुभाष्यामार्फत तो प्रश्न विचारला, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “भाऊ गेलाय तिचा,” मोठी म्हणाली. “काय करायला हवं होतं तिने?” आत्महत्येबद्दलचे प्रश्न मी तरीही सगळे विचारले, कारण आताकेचा इतिहास असणाऱ्यांमध्ये तसे विचार जास्त आढळतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. काही निघालं नाही. झोप, भूक, आधीचं आयुष्य, सगळं ठीक. सकाळी दफनविधी होता. मॅडमनी रातोरात सोडायचं ठरवलं, औषध काही नाही, पंधरवड्याने फॅमिली डॉक्टरांची भेट. बाई त्या रात्री इमर्जन्सीत अडकल्या असत्या तर भावाला माती देता आली नसती, आणि मग खरंच काहीतरी आजार सुरू झाला असता, असं मॅडमचं मत. मलाही तसंच वाटतं.

दुभाष्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगते. माझं स्पॅनिश नमस्कार-चमत्कार, ‘कुठे दुखतं’, ‘झोप लागते का’ इथपर्यंतचं होतं. तेवढ्यावर निदान करायचं नसतं. सरकारी पैसे घेणाऱ्या रुग्णालयावर भाषेची सोय करण्याचं बंधन १९६४च्या नागरी हक्क कायद्यापासून येतं, त्यामुळे फोनवर किंवा व्हिडिओवर प्रशिक्षित दुभाषी मिळतो. घरातल्या मुलांना मध्ये घालायचं नाही, हा पक्का नियम. पंधरा वर्षांचा मुलगा आईचं इंग्रजी सांभाळत लहानाचा मोठा झालेला असतो, पटापट बोलतो, मदत करायला उत्सुक असतो. पण आई त्याच्या तोंडून ‘मला मरावंसं वाटतं’ असं कधीच वदवणार नाही.

आता दुसऱ्या बाई. त्यांच्यापाशी मला जास्त थांबायचं आहे.

वय चाळिशीचं. मारिया चक्रीवादळ २० सप्टेंबर २०१७ला पोर्तो रिकोवर आदळलं, त्यानंतर काही महिन्यांनी त्या धाकट्या बहिणीकडे ब्राँक्सला आल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या एका रुग्णालयाचा कागद होता. त्यावर निदान: सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. लक्षणं: आवाज ऐकू येतात, सावल्या दिसतात, अचानक आक्रमक होतात. त्यावरचं औषध, अँटिसायकोटिक, चालू होतं. त्याने त्यांचं वजन वाढलं होतं, दिवसभर गुंगी असायची आणि झटके तसेच येत होते. भांडी घासताना, बसमध्ये, एकदा सुपरमार्केटच्या रांगेत.

अशा ठिकाणी उपयोगी पडते ती ‘कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू’ नावाची प्रश्नावली. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानग्रंथाच्या १९९४च्या आवृत्तीत मागे एक परिशिष्ट होतं, त्यात जगभरच्या ‘संस्कृतिबद्ध’ विकारांची जंत्री होती. नमुने काचेच्या बरणीत ठेवावेत तशी. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत ती जंत्री नऊ नावांवर आली. आताके, नेर्व्हिओस, सुस्तो त्यात आहेत, आपल्याकडचा धातही आहे. पण महत्त्वाचा बदल म्हणजे ही सोळा प्रश्नांची मुलाखत त्यात आली, आणि ती कोणत्याही पेशंटला घ्यायची, फक्त ‘परक्यांना’ नव्हे. ती आधी सहा देशांत तपासून पाहिली गेली: अमेरिका, कॅनडा, पेरू, नेदरलँड्स, केनिया आणि भारत. भारतातलं काम पुण्यात झालं, केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात. ब्राँक्समधल्या प्रशिक्षणात समोरच्या स्लाइडवर ‘पुणे’ वाचलं तेव्हा शेजारच्या रेसिडेंटला कोपराने ढोसून मी ते दाखवलं, हे सांगायला हरकत नाही.

प्रश्न साधे आहेत. तुम्हाला काय त्रास होतो, तुमच्या शब्दांत सांगा. घरच्यांना, ओळखीच्यांना तुम्ही तो कसा सांगाल? यातलं सगळ्यात जास्त काय सलतं? हे का होतंय, असं तुम्हाला वाटतं? आणि तुमच्या माणसांना काय वाटतं? कशाने बरं वाटतं, कशाने वाढतं? आजवर कोणाकोणाकडे गेलात, काय केलंत? शेवटचा प्रश्न डॉक्टरबद्दलचा: आपली पार्श्वभूमी वेगळी आहे, त्यामुळे मी तुम्हाला नीट समजून घेणार नाही, अशी काळजी वाटते का? पेशंटच्या नातेवाइकांसाठी वेगळी आवृत्ती आहे. वेळ वीस-पंचवीस मिनिटं, असं म्हणतात. दुभाषी मध्ये असला की दुप्पट धरायचा. गर्दीच्या इमर्जन्सीत एवढा वेळ काढणं म्हणजे बाहेर खोळंबलेल्यांच्या शिव्या खाणं. त्यामुळे हे उत्तम हत्यार बऱ्याच ठिकाणी कपाटातच राहतं.

बाईंनी पहिल्या प्रश्नाला सांगितलं, मला नेर्व्हिओस आहे. हे त्या प्रदेशात कोणीही म्हणतं. आयुष्याने पिचलेल्या माणसाचं डोकं जड होतं, मेंदूच दुखतो म्हणतात, झोप येत नाही, पोटात कालवतं, हात कापतात, जराशाने रडू येतं. आताके हा त्यातला एखादा स्फोट. बाईंच्या मते त्यांचे नेर्व्हिओस लहानपणापासूनचे, कारण वडील पिऊन मारायचे. का होतंय, या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग आईबद्दल बोलल्या.

आई त्यांच्याजवळच राहायची, फुप्फुसांच्या आजारामुळे घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. वादळानंतर बेटाची वीज गेली ती बऱ्याच भागांत कित्येक महिने आली नाही. जनरेटर होता, डिझेलसाठी रांगा होत्या. एका पहाटे डिझेल संपलं. मृत्यूंचा सरकारी आकडा बरेच महिने ६४ होता. २०१८मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २,९७५ झाला. या आईसारखे मृत्यू त्या फरकात बसतात.

आता रात्री झोप लागता लागता आई त्यांना नावाने हाक मारायची. दाराशी सावली सरकायची. अशा ओझरत्या सावल्यांना पोर्तो रिकन लोक सेलाहेस म्हणतात. गेलेल्या माणसाची हाक ऐकू येणं, दार वाजल्याचा भास होणं, सेलाहेस दिसणं, हे तिथल्या दुःखात असलेल्या पुष्कळ लोकांना होतं आणि त्यातल्या बहुतेकांना सायकोसिस नसतो. बाईंचं बोलणं सुसंगत होतं, संशय नव्हता, बहिणीच्या मुलांचं सगळं त्या करत होत्या, निदान औषधाने गुंगी येईपर्यंत. स्किझोफ्रेनिया पहिल्यांदा या वयात आणि एवढ्याच स्वरूपात दिसणं तसं अवघडच. म्हणजे जुना कागद बाजूला ठेवायचा आणि ‘हे त्यांच्यात सर्वसामान्य आहे’ असं लिहायचं, इथपर्यंत मी आले होते.

बहिणीची मुलाखत राहिली होती. ती घरकाम करायची, रात्री उशिरा आली. तिला मी मॅडमचा तिसरा प्रश्न विचारला. ती म्हणाली, शोकात आताके येणं वेगळं, आमच्या आजीलाही यायचे. पण रांगेत उभं असताना, कोणी काही बोललेलं नसताना? हे बरोबर नाही. मग मी हाकांबद्दल विचारलं.

“आई हाक मारते त्यात काही नाही,” ती म्हणाली. “मलाही मारते. पण मला ती ‘ये’ म्हणत नाही.”

बाईंनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं. आधीच्या रुग्णालयात कोणी विचारलंच नव्हतं, कारण ‘आवाज ऐकू येतात’ हा रकाना भरला की पुढे त्या आवाजाचं म्हणणं काय, हे नोंदायला जागा नसते. मी पुन्हा आत गेले, दुभाष्याला पुन्हा जोडून घेतलं. गोळ्या कुठे साठवल्या आहेत ते बाईंनी शांतपणे सांगितलं.

त्यांना दाखल केलं. शेवटी निदान झालं ते तीव्र नैराश्याचं आणि आघातोत्तर ताणाच्या विकाराचं, म्हणजे पीटीएसडीचं. आताके आणि हाका यांची नोंद त्यांच्या बाजूने केली, त्यांच्या जागी नाही. अँटिसायकोटिक वॉर्डातच, डोळ्यांसमोर हळूहळू बंद केलं. सेर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. स्पॅनिश बोलणाऱ्या थेरपिस्टकडे वडिलांच्या माराबद्दल आणि त्या डिझेलबद्दल बोलणं सुरू झालं. हाका एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या भेटींत मी दर वेळी विचारायचे, आई काय म्हणाली? एकदा त्या म्हणाल्या, काही नाही, नुसतं नाव घेतलं. मी ते शब्द जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिले.

लिहिण्यावरून आठवलं. अमेरिकेत निदानाला कोड लागतो, कोडशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही, आणि नुसत्या आताकेला स्वतःचा कोड नाही. पाचव्या आवृत्तीत तो ‘इतर निर्दिष्ट’ या शीर्षकाखाली दोन ठिकाणी उदाहरण म्हणून येतो, एकदा चिंताविकारांत आणि एकदा ताण-आघाताच्या विकारांत. कुठे घालायचं हे तुम्ही ठरवा. मॅडम म्हणायच्या, कोड बिलासाठी, त्याखालचा परिच्छेद पुढच्या डॉक्टरसाठी. त्या परिच्छेदात त्या आमच्याकडून चार गोष्टी लिहून घ्यायच्या: प्रसंग कोणता, समोर कोण, घरच्यांचं मत काय, आणि पेशंटच्या मते इलाज काय. ‘हिस्पॅनिक असल्यामुळे’ असं एका रेसिडेंटने लिहिलं होतं, तर त्यांनी ते खोडून विचारलं, कुठला हिस्पॅनिक? योग्यच होतं. अर्जेंटिनाहून आलेल्या एका प्राध्यापिकेने मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, मनोविश्लेषणात तुम्ही फ्रॉइडच्या बाजूच्या की लाकाँच्या? तिला आताकेबद्दल विचारलं असतं तर ती उठून गेली असती.

मेक्सिकन लोकांमध्ये मला आताकेपेक्षा सुस्तो जास्त भेटला. सुस्तो म्हणजे दचकणं, भेदरणं. माणूस एवढा घाबरतो की त्याचा आत्मा अंगातून निसटतो आणि परत येत नाही. मग भूक जाते, झोप उडते, हातापायांत त्राण उरत नाही, कशात मन लागत नाही. भीतीचा प्रसंग आणि हे सगळं यांच्यात कधी कधी वर्षांचं अंतर असतं. ऐकायला परीकथा वाटेल, पण आर्थर रुबेल या मानववंशशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह मेक्सिकोच्या वाहाका राज्यात सुस्तो असलेले आणि नसलेले लोक तपासले, तेव्हा सुस्तोवाल्यांना शारीरिक आजारही जास्त निघाले, आणि काही वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यातले मृत्यूही जास्त.

माझा पेशंट पुएब्लाचा, तिशी उलटलेला, सायकलवर जेवणाचे डबे पोचवणारा. रात्री एका जिन्यात दोघांनी सुरा दाखवून त्याची इलेक्ट्रिक सायकल काढून घेतली. त्यानंतर काही महिन्यांत मधुमेह निघाला. त्याच्या हिशेबात दोन्ही एकच: सुस्तोने साखर झाली. मेक्सिकन पेशंटांत हे इतकं सर्रास ऐकू येतं की मधुमेहाचे डॉक्टर आता त्यावर भुवया उंचावत नाहीत. तो वजन घटल्याने, थकव्याने आणि ‘कशात जीव नाही’ म्हणून आमच्याकडे पाठवला गेला होता. आता इथे नैराश्य किती, वाढलेली साखर किती, त्या जिन्यातली रात्र किती? मुलाखतीतल्या ‘आजवर कोणाकडे गेलात’ या प्रश्नाला त्याने खाली बघून सांगितलं की एका कुरांदेराकडून, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्या बाईकडून, लिंपिया नावाचा शुद्धीचा विधी करून घेतला. डोक्यापासून पायापर्यंत अंगावरून अंडं फिरवतात, रुदा नावाच्या उग्र वासाच्या झुडपाच्या जुडीने झाडतात, मग अंडं पाण्याच्या ग्लासात फोडून बघतात. ब्राँक्समध्ये यासाठी लागणारं सगळं बोतानिका नावाच्या दुकानांत मिळतं: मेणबत्त्या, अत्तरपाणी, संतांच्या मूर्ती, वाळवलेल्या वनस्पती.

हा प्रश्न कुतूहलापोटी विचारायचा नसतो. लिंपियाने सहसा कोणाचं काही बिघडत नाही. पण लहान मुलांचं पोट गच्च झालं की काही मेक्सिकन घरांत ग्रेता किंवा आसार्कोन नावाची पिवळी-नारिंगी पूड देतात. ती जवळजवळ निव्वळ शिशाची संयुगं असते आणि मुलांना विषबाधा होते. ‘घरगुती काही दिलंत का’ याला उत्तर ‘नाही’ येतं. पोटासाठी कोणी काय सुचवलं, असं विचारलं तर खरं उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

डबेवाल्याने पोटात काही घेतलं नव्हतं. त्याला नैराश्य होतं, जिन्यांची धास्ती होती, आणि साखरेच्या गोळ्या तो अर्ध्याच घेत होता, कारण आत्मा परत आल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग काय, असं त्याला वाटे. मी त्याला विचारलं, लिंपिया पूर्ण झाली का? नाही, तीनदा करायची असते, पैसे नव्हते. उरलेल्या दोन करा, मी म्हटलं, आणि त्या आठवड्यांत गोळ्या पूर्ण घ्या, म्हणजे दोन्हीकडून एकदमच काम होईल. दुभाषी क्षणभर थांबला. हे डॉक्टरच म्हणतेय ना, याची खात्री करत असावा.

तीन महिन्यांनी रक्ततपासणीत साखर बरीच खाली आली. झोप सुधारली होती, जिन्यांची धास्ती अजून होती, म्हणून थेरपी सुरू ठेवली. कुरांदेरा फार चांगली आहे, असं त्याने मला सांगितलं आणि कोणाला गरज लागली तर द्या म्हणून तिचा नंबरही दिला. गोळ्या चालू आहेत ना, एवढं मी विचारून घेतलं. होत्या.